सभासदांचे पासवर्ड न बदलता डेटाबेस बदलला: परळच्या एका पतसंस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था. कार्यालय परळ भागात. संस्थेची ओळख पटू नये म्हणून नाव, सभासदसंख्या आणि काही बारीकसारीक तपशील मोघम ठेवले आहेत. तांत्रिक घटनांचा क्रम मात्र घडला तसाच दिला आहे. डेटाबेसच्या कामासाठी सल्लागार म्हणून मी या कामात सुरुवातीपासून होतो.

सभासद काही हजार. निम्मे अजून नोकरीत, बाकीचे निवृत्त. नोकरीतले कल्याण, बदलापूर, विरार अशा लांबच्या ठिकाणी राहणारे, आणि निवृत्तांपैकी बरेच जण गावी, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गेलेले. वर्गणी, शेअर्स, ठेवी, कर्जाची बाकी आणि लाभांश या सगळ्या गोष्टी ही माणसं संस्थेच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेची नोटीस निघाली की अहवाल आणि ताळेबंद बघायला एरवी वर्षभर न फिरकणारे सभासदही लॉगिन करतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात साइटवर गर्दी, आणि कार्यालयातल्या फोनवर त्याहून जास्त.

वेबसाइट पीएचपीत लिहिलेली आणि डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. या आवृत्तीला मिळणारी अधिकृत मदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, आणि होस्टिंग कंपनीनेही जुना सर्व्हर बंद करणार असल्याचं कळवलं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात, सभेची नोटीस निघण्याआधी, ८.० वर जायचं ठरलं.

आदल्या वर्षीची घटना

चिटणीसांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली: "एकाही सभासदाचा पासवर्ड बदलता कामा नये. मागच्या वर्षी जे झालं ते पुन्हा नको."

मागच्या वर्षी झालं ते असं. तेव्हाच्या वेबसाइटवाल्याने साइट सुधारण्यासाठी डेटाबेसची प्रत आपल्याकडे नेली, काही आठवडे तिच्यावर काम केलं, आणि तयार झालेली पूर्ण डम्प फाइल, म्हणजे सगळा डेटाबेस आज्ञांच्या रूपात लिहून काढलेली फाइल, चालू सर्व्हरवर चढवली. मायएसक्यूएलडम्प या साधनाने काढलेल्या फाइलमध्ये प्रत्येक टेबलाच्या आधी, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, "हे टेबल असेल तर काढून टाक" अशी आज्ञा असते. म्हणजे सभासदांचं चालू टेबल पुसलं गेलं आणि त्या जागी काही आठवड्यांपूर्वीचं टेबल आलं. मधल्या काळात ज्यांनी पासवर्ड बदलला होता त्यांचा नवा पासवर्ड चालेना आणि जुना चालू लागला. ज्यांनी त्या काळात पहिल्यांदा नोंदणी केली होती त्यांची खातीच गायब. हिशेबाच्या टेबलांना धक्का लागला नव्हता, कारण ती रोज कार्यालयातून वेगळी चढत. पण सभासदांच्या मनात एकच बसलं: साइटवर कोणीतरी आपले पासवर्ड बदलतंय. पैशाच्या संस्थेबद्दल असं वाटणं किती महागात पडतं हे चिटणीस सभेत ऐकून आले होते.

नेमकं काय जपायचं होतं

"युजर आणि पासवर्ड जपा" हे सांगायला सोपं वाक्य आहे, पण त्याच्या पोटात दोन वेगळी कामं असतात, आणि बहुतेक घोटाळे त्या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे होतात.

पहिला प्रकार डेटाबेस सर्व्हरच्या स्वतःच्या खात्यांचा. वेबसाइट ज्या खात्याने डेटाबेसला जोडली जाते ते, बॅकअपचं, हिशेब तपासनीसांच्या एक्सेलला जोडलेलं, आणि कार्यालयातल्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. ही खाती 'मायएसक्यूएल' नावाच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये असतात. फक्त संस्थेच्या डेटाबेसची डम्प काढली तर ती त्यात येत नाहीत. सगळ्याच डेटाबेसची डम्प काढली तर येतात, पण ५.७ आणि ८.० मध्ये या अंतर्गत टेबलांची रचना वेगळी आहे. जुनी टेबलं नव्या सर्व्हरवर चढवणं म्हणजे त्याच्या मुळावर घाव.

दुसरा प्रकार सभासदांच्या खात्यांचा. ही संस्थेच्याच एका टेबलात, इतर माहितीसारखीच एकेक ओळ. सभासद क्रमांक हेच लॉगिनचं नाव, आणि पासवर्डच्या जागी एमडी५ पद्धतीने काढलेला ३२ अक्षरी हॅश. हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसा: तोच अंगठा पुन्हा उमटवला तर जुळतो, पण ठशावरून अंगठा तयार करता येत नाही. त्यामुळे कोणाचा पासवर्ड काय आहे हे संस्थेलाही ठाऊक नव्हतं, आणि तसंच असायला हवं. याचाच अर्थ असा की ठसा एका अक्षराने जरी बिघडला तरी तो पासवर्ड कायमचा गेला.

पर्याय

सगळ्यांचे पासवर्ड नव्याने देऊन टाकावेत, हा पहिला पर्याय होस्टिंगवाल्यांनी सुचवला. प्रोग्रॅमरच्या बाजूने तो सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच तो सगळीकडे सुचवला जातो. त्याची किंमत मोजतात ते दुसरेच. निवृत्तांपैकी अनेकांचे मोबाइल क्रमांक संस्थेकडे जुनेच आहेत. एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे त्यांचा मजकूर डीएलटी या नोंदणी-प्रणालीवर आधी नोंदवावा लागतो, त्यात दिवस जातात. आणि हजारो लोकांना एकाच दिवशी "तुमचा पासवर्ड बदलला आहे, इथे क्लिक करा" असा निरोप गेला की पुढच्याच आठवड्यात त्याच मजकुराचे बनावट निरोप फिरू लागण्याची भीती. आपणच सभासदाला अशा लिंकवर क्लिक करायला शिकवायचं आणि मग फसवणुकीपासून सावध राहा म्हणायचं, हे मला पटत नव्हतं. चिटणीसांनाही नाही. हॅश चोरीला गेले असते तर मी स्वतः हाच पर्याय आग्रहाने मांडला असता. इथे तसं काहीच नव्हतं.

दुसरा पर्याय, आहे त्याच सर्व्हरवर आवृत्ती चढवणं. यात दोन्ही प्रकारची खाती जागच्या जागी राहतात, ८.०.१६ पासून अंतर्गत टेबलं नव्या रचनेत नेण्याचं काम सर्व्हर सुरू होताना स्वतःच करतो. पण ८.० वरून ५.७ वर परत येण्याची सोय मायएसक्यूएलमध्ये नाही. बिघडलं तर बॅकअपवरून सगळं नव्याने उभं करायचं. शिवाय होस्टिंग कंपनी तो सर्व्हरच काढून घेणार होती.

तिसरा पर्याय निवडला: शेजारी नवा सर्व्हर उभा करायचा, संस्थेचा डेटाबेस डम्प करून तिथे न्यायचा, सर्व्हरची खाती एकेक करून हाताने नव्याने बनवायची, आणि जुना सर्व्हर काही दिवस तसाच ठेवायचा. सरळ ८.४ या त्यापुढच्या आवृत्तीवर का नाही, असं साइटच्या प्रोग्रॅमरने विचारलं होतं. कारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जुना जोडणी-ड्रायव्हर, म्हणजे त्याला डेटाबेसशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम. तो जुन्या 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धतीनेच ओळख पटवू शकतो. ८.० मध्ये नव्या खात्यांसाठी मूळ पद्धत बदलली असली तरी जुनी चालते, ८.४ मध्ये ती मुळातच बंद ठेवलेली असते, आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे.

तालीम

सर्व्हरची खाती न्यायला 'शो क्रिएट यूजर' ही आज्ञा वापरली. ती खात्याचं नाव, पत्ता आणि पासवर्डचा हॅश असलेली तयार आज्ञा छापून देते; ती नव्या सर्व्हरवर चालवली की पासवर्ड माहीत नसतानाही तेच खातं उभं राहतं. अधिकार 'शो ग्रँट्स' ने वेगळे न्यावे लागतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नाव आणि कुठून जोडलं जातंय तो पत्ता, अशी जोडी असते. वेबसाइटचा अंतर्गत पत्ता बदलणार होता, त्यामुळे हॅश जसाच्या तसा नेऊनही ते खातं आत शिरू शकलं नसतं. पत्ता बदलून आज्ञा पुन्हा लिहिली. असेच पत्ते तपासताना बंद पडलेल्या कामांची दोन खाती सापडली. ती नेलीच नाहीत.

सभासदांच्या हॅशची पडताळणी करताना 'चेकसम टेबल' या, अख्ख्या टेबलाचा मिळून एक पडताळा-आकडा देणाऱ्या आज्ञेवर भिस्त ठेवली नाही, कारण आवृत्ती बदलली की त्याचं उत्तर डेटा तोच असूनही बदलू शकतं. दोन्हीकडून खाते क्रमांक आणि हॅश यांची यादी आकडी क्रमाने काढली आणि फाइली शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. आकडी क्रमाचा आग्रह अशासाठी की अक्षरांचा क्रम दोन आवृत्त्यांत वेगळा लागू शकतो आणि मग खोटे फरक दिसतात. फरक शून्य आला.

तालमीत दोन खोडी बाहेर आल्या. स्थलांतराच्या काळात साइट "फक्त बघण्यासाठी" चालू ठेवावी असा विचार होता. तसा डेटाबेस केला तर लॉगिनच होईना, कारण लॉगिन करताना साइट 'शेवटचं लॉगिन कधी' हे त्याच टेबलात लिहिते. तेव्हा अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा रात्री साइट पूर्ण बंद ठेवायची आणि तशी सूचना आठवडाभर आधी लावायची असं ठरलं. दोन सर्व्हर प्रतिकृतीने, म्हणजे एकावरचा बदल लगेच दुसऱ्यावर जाईल असे, जोडून क्षणात अदलाबदल करता आली असती. मोठ्या बँकेला ते हवंच. पण इथे डम्प आणि लोड मिळून तासाच्या आत होत होतं, आणि शनिवारी मध्यरात्री कर्जाची बाकी बघणारा सभासद क्वचितच. साधा मार्ग असताना गुंतागुंतीचा घेऊ नये, या मताचा मी आहे.

दुसरी खोड पासवर्डच्या कॉलमची. पुढे एमडी५ सोडून बीक्रिप्ट या जास्त सुरक्षित हॅश पद्धतीवर जायचं होतं. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा, आणि कॉलम ३२ चा. प्रोग्रॅमरला वाटलं की कॉलम अपुरा असेल तर डेटाबेस चूक दाखवेल. ५.७ पासून तसंच होतं खरं, पण जुन्या साइटचा कोड प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला ही कडक शिस्त बंद करत होता. चाचणी खात्याचा नवा हॅश ३२ अक्षरांवर मुकाट्याने कापला गेला आणि ते खातं बंद पडलं. कॉलम तेव्हाच २५५ चा केला. बीक्रिप्टचं काम मात्र स्थलांतराच्या रात्री करायचंच नाही, सभा झाल्यावर करायचं असं ठरवलं. दोन बदल एकाच रात्री केले असते तर रविवारी जे झालं त्याचं मूळ सापडायला कितीतरी वेळ लागला असता.

चाचणीची प्रत कोणाच्याही लॅपटॉपवर नेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीचं पुरेसं रक्षण न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; पण कायदा नसता तरी सभासदांचे हॅश लोकलच्या गर्दीत कोणाच्या पाठीवरच्या बॅगेतून फिरावेत हे बरोबर नाही.

रविवार

जुलैतल्या एका शनिवारी रात्री अदलाबदल झाली. हॅशची यादी पुन्हा ताडली, फरक शून्य. संचालक मंडळातल्या काहींनी आणि कार्यालयातल्या सर्वांनी आपापल्या पासवर्डने लॉगिन करून पाहिलं. सगळं चाललं.

सकाळी चिटणीसांना डोंबिवलीहून एका निवृत्त सभासदाचा फोन आला. "अहो, तोच नंबर टाकतोय, तोच पासवर्ड टाकतोय, आणि तुमची साइट म्हणते चुकीचा आहे. मागच्या वर्षीचीच रड परत का?" तासाभरात असे आणखी काही फोन आले. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असल्याने बहुतेक मंडळी घरूनच काम करत होती, कार्यालयात फक्त लेखनिक मॅडम पोचल्या होत्या.

साइट सभासदाला "सभासद क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे" एवढंच सांगते, आणि ते योग्य आहे. कोणता क्रमांक अस्तित्वात आहे हे परक्याला कळू नये. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन्ही कारणं वेगवेगळी लिहिण्याची सोय प्रोग्रॅमरने तालमीच्या वेळीच केली होती. लॉग उघडल्यावर दिसलं की या मंडळींच्या बाबतीत गोष्ट पासवर्डपर्यंत पोचतच नव्हती. "खातं सापडलं नाही" अशी नोंद होती. हॅश शाबूत, खातं शाबूत, आणि तरी सापडत नाही.

मूळ सापडलं ते मॅडममुळे. फोन करणाऱ्यांचे क्रमांक त्यांनी एका कागदावर लिहून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "साहेब, हे सगळे एकाच विभागाचे आहेत. साइट सुरू झाली तेव्हा या विभागाची यादी एक्सेलमधून आली होती." क्रमांकांची लांबी मोजली, आणि प्रत्येक क्रमांक दिसतो त्याहून एका अक्षराने लांब निघाला. शेवटी एक रिकामी जागा होती.

ती रिकामी जागा वर्षानुवर्षं तिथेच होती आणि कोणाला जाणवली नव्हती, कारण अक्षरांची तुलना कशी करायची याचा नियम, ज्याला कोलेशन म्हणतात, तो जुन्या सर्व्हरवर शेवटच्या रिकाम्या जागांकडे दुर्लक्ष करत होता. टेबलाचा वर्णसंच, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ८एमबी४ होता. ५.७ मध्ये या वर्णसंचाचं मूळ कोलेशन 'जनरल सीआय'. मूळच असल्यामुळे डम्प फाइलमध्ये त्याचं नाव लिहिलं जात नाही, फक्त वर्णसंचाचं लिहिलं जातं. ८.० मध्ये त्याच वर्णसंचाचं मूळ कोलेशन '०९०० एआय सीआय' आहे. नव्या सर्व्हरने फाइल वाचली, कोलेशन दिसलं नाही, आपलं मूळ लावलं. आणि हे नवं कोलेशन शेवटची रिकामी जागाही अक्षर म्हणून धरतं. डेटा बाइट-न-बाइट तोच, त्याकडे बघण्याचा नियम वेगळा. म्हणून हॅशच्या पडताळणीत काहीही दिसलं नव्हतं.

दुपारचा निर्णय

समोर तीन वाटा होत्या.

जुन्या सर्व्हरवर परत जाणं ही पहिली. ती आपल्याला हवी तितका वेळ उघडी आहे असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात सकाळपासून काहींनी नव्या सर्व्हरवर कर्जाचे अर्ज भरले होते आणि काहींनी पासवर्ड बदलले होते. परत गेलो असतो तर मागच्या वर्षीचाच प्रकार पुन्हा झाला असता. परतीची वाट पहिल्या सभासदाने नव्या सर्व्हरवर काही लिहिलं त्या क्षणी बंद होते, आणि हे वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं.

दुसरी वाट सगळ्यांना लगेच पटली: रिकाम्या जागा काढून टाका. एका ओळीची आज्ञा. चिटणीस घाईत होते, फोन थांबत नव्हते, आणि प्रोग्रॅमरने आज्ञा लिहूनही ठेवली होती. चालवण्याआधी त्याने लॉगिनचा कोड पुन्हा एकदा वाचला, आणि तिथे थांबला. हॅश नुसत्या पासवर्डचा नव्हता. टेबलातला सभासद क्रमांक आणि त्याला जोडून पासवर्ड, अशा दोन्हींचा मिळून एमडी५ काढला जात होता. सारखा पासवर्ड असलेल्या दोघांचे हॅश वेगळे यावेत म्हणून कोणीतरी पूर्वी केलेली सोय. म्हणजे या विभागातल्या प्रत्येक सभासदाच्या हॅशमध्ये ती रिकामी जागाही मिसळलेली होती. क्रमांकातून ती काढली असती तर खातं सापडलं असतं आणि पासवर्ड कधीच जुळला नसता. कोड वाचण्याचं हे काम या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत मोलाचं आहे असं मी मानतो. त्या दहा मिनिटांनी एका विभागाच्या सगळ्या सभासदांची खाती वाचवली.

तिसरी वाट म्हणजे टेबलांचं कोलेशन पुन्हा 'जनरल सीआय' करणं. तीच घेतली. एकाच कॉलमचं बदलून भागलं नसतं. वेगळ्या कोलेशनचे कॉलम एकमेकांशी ताडायला गेलं की मायएसक्यूएल 'कोलेशनची सरमिसळ' म्हणून नकार देतं, आणि सभासद क्रमांक तर कर्जाच्या, ठेवीच्या, सगळ्याच टेबलांत होता. बॅकअप घेऊन सगळी टेबलं बदलायला घेतली. सभासदांच्या टेबलावर काम अडलं: नोंद दुबार आहे. लॉगिन होत नाही म्हणून एका सभासदाने सकाळी नवी नोंदणी केली होती. नव्या नियमाने रिकाम्या जागेसह आणि तिच्याविना असे दोन क्रमांक वेगळे धरले गेले, म्हणून डेटाबेसने ती होऊ दिली. जुन्या नियमाने ते एकच. मॅडमनी त्या काकांना फोन केला, जुनं खातं तसंच ठेवतो आणि आजचं नवं काढतो असं सांगून त्यांची संमती घेतली. मग बदल पूर्ण झाला. संध्याकाळपर्यंत फोन केलेल्या प्रत्येकाला उलट फोन करून लॉगिन होतंय याची खात्री करून घेतली.

बीक्रिप्टचा टप्पा

सप्टेंबरात सभा पार पडल्यावर हे काम घेतलं. एमडी५ अतिशय वेगाने काढता येतो आणि म्हणूनच चोरीला गेलेल्या हॅशशी असंख्य पासवर्ड अंदाजाने ताडून बघत खरा शोधून काढणंही सोपं जातं. "पुढच्या लॉगिनला नवा हॅश काढू" एवढंच केलं असतं तर जे सभासद वर्षवर्ष लॉगिन करत नाहीत त्यांचे जुने हॅश तसेच उघडे राहिले असते. म्हणून आधी सगळ्या एमडी५ हॅशवर बीक्रिप्टचं वेष्टण घातलं: ३२ अक्षरी हॅश हाच जणू पासवर्ड धरून त्याचा बीक्रिप्ट काढला, आणि कोणत्या ओळीत कोणता प्रकार आहे हे सांगणारा एक कॉलम जोडला. यासाठी एमडी५ चं ३२ अक्षरी लिखित रूपच वापरायचं. त्याच्या कच्च्या बाइट्समध्ये शून्य बाइट येऊ शकतो, आणि बीक्रिप्टच्या दृष्टीने मजकूर तिथेच संपतो.

सभासद पुढे लॉगिन करतो तेव्हा त्याचा खरा पासवर्ड क्षणभर साइटच्या हाती असतो. तेव्हाच तो वेष्टणाशी ताडून, जुळला की नुसत्या पासवर्डचा नवा बीक्रिप्ट हॅश काढून ठेवला जातो. नव्या हॅशमध्ये सभासद क्रमांक मिसळलेला नसतो, त्यामुळे त्या खात्यातली रिकामी जागा त्यानंतर सुखाने काढता येते. सभासदाला यातलं काहीही कळत नाही. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो आणि यूटीएफ८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे मराठीत वाक्यभर लांब पासवर्ड ठेवणाऱ्याची २४ चिन्हंच मोजली जातात. साइटवर पासवर्डच्या चौकटीखाली तशी सूचना लिहिली.

निष्पत्ती

कोणाही सभासदाला नवा पासवर्ड घ्यावा लागला नाही. एका विभागाला रविवारचा अर्धा दिवस लॉगिन करता आलं नाही. वार्षिक सभेत साइटबद्दल तक्रार आली नाही. वेष्टण घातल्यावर आधीच्या सगळ्या डम्प फाइली शोधून नष्ट केल्या, कारण त्यांत जुने एमडी५ हॅश होते. नियमाप्रमाणे ठेवावे लागणारे हिशेबाचे बॅकअप सभासदांचं टेबल वगळून पुन्हा काढले. होस्टिंग सर्व्हरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मागच्या वर्षीची ती कुप्रसिद्ध फाइलही अजून पडून होती.

वेगळं काय करता आलं असतं

तालमीत हॅश ताडले, तशीच लॉगिनची नावं ताडायला हवी होती, आणि तीही साइट जशी शोधते तशी: प्रत्येक क्रमांक रिकाम्या जागा कापून नव्या सर्व्हरला विचारायचा आणि खातं सापडतं का पाहायचं. यासाठी कोणाचा पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. चाचणीला बसलेले सगळे संचालक आणि कर्मचारी होते, आणि त्यांची खाती हाताने भरलेली. एक्सेलमधून आलेल्या प्रत्येक यादीतला एकेक सभासद घेतला असता तर हे तालमीतच दिसलं असतं. डम्प चढवण्याआधी दोन्हीकडच्या कॉलमची कोलेशनं 'इन्फॉर्मेशन स्कीमा' मधून, म्हणजे टेबलांच्या रचनेची माहिती देणाऱ्या अंतर्गत डेटाबेसमधून, काढून ताडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आता ते संस्थेच्या यादीत पहिलं आहे.

परतीच्या वाटेची वेळही आधी ठरवावी. सकाळी साइट उघडल्यावर पहिले काही तास नवी नोंदणी आणि पासवर्ड बदलणं बंद ठेवलं असतं तर दुबार खात्याचा प्रश्न आलाच नसता, आणि गरज पडली तर मागे जाणंही जमलं असतं.

लॉगिनचा कोड वाचण्याचं काम रविवारी दुपारी झालं. ते पहिल्या बैठकीआधी व्हायला हवं होतं. हॅश कशाकशाचा मिळून बनतो हे ज्याला ठाऊक नाही त्याने सभासदांच्या टेबलातल्या कुठल्याही कॉलमला हात लावू नये, अशी लेखी सूचना आता चिटणीसांच्या सहीने संस्थेच्या दप्तरी आहे.

एक काम बाकी राहिलं. ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतचीच होती, आणि हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरचं खातं अजून नेटिव्ह पद्धतीवर होतं. त्या पद्धतीच्या हॅशवरून नव्या पद्धतीचा हॅश काढता येत नाही, मूळ पासवर्डच लागतो, आणि तो सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने एका सेटिंग फाइलमध्ये लिहून ठेवला होता. संचालक मंडळाने ड्रायव्हर बदलण्याचा खर्च मंजूर केला. या खात्याचा पासवर्ड मात्र नवाच द्यायचा ठरलं. तो सभासदाचा नव्हता, एका यंत्राचा होता, आणि कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर तो उघडा पडला होता.